मळ्यातली पद्माक्का

पद्माक्का कुठलाही कागद सही करण्याआधी मोठ्यानं वाचते. मोठ्यानं म्हणजे पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं. विश्रामबागेतल्या माझ्या ऑफिसात ती पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझं वकीलपत्र असंच वाचून काढलं आणि बाहेर बसलेले अशील आपापल्या भानगडी विसरून ऐकत राहिले. मी म्हटलं, "अक्का, मनातल्या मनात वाचलंत तरी चालतं."

"मनात वाचलं की डोळा पळतो, वकीलबाई. कानावर पडलं की कळतं मेख कुठं हाय."

मिरजेकडच्या एका गावातली ही बाई. लेक शीतल हिला फिजिओथेरपीला प्रवेश मिळत होता, त्यासाठी शैक्षणिक कर्ज हवं होतं. मळा अक्काच्या नावावर, म्हणून अर्जात लेकीच्या जोडीला नाव तिचंच. बँकेनं तिचा क्रेडिट रिपोर्ट काढला तर त्यात पिठाच्या गिरणीचं कर्ज, तेही थकलेलं! गिरणीशी अक्काचा संबंध काय तो दळण टाकण्यापुरता.

घोळ झाला तो आमच्याकडच्या चालीनं. आमच्या जैन घरांत लग्नात सुनेचं नाव बदलतात, आणि देवीचं म्हणून 'पद्मावती' ठेवायची भारी हौस. अक्काच्या भावकीत आणखी एक पद्मावती, त्यात दोघींच्या नवऱ्यांची नावंही एकच, त्यामुळे दोन पद्मावती आण्णासाहेब पाटील झाल्या. गावाला काही अडत नाही. एक मळ्यातली, एक गिरणीवाली. बँकेच्या संगणकाला मळाही ठाऊक नाही आणि गिरणीही. कुणीतरी पॅन नंबर न बघता नुसतं नाव-गाव जुळवलं आणि एकीचं कर्ज दुसरीच्या माथी मारलं.

मी तिला समजावलं, की तक्रार केल्यावर तीस दिवसांत चूक दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर बँकेला पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई द्यावी लागते. हे उपकार नव्हेत, हक्क आहे.

"म्हंजे आपण मागाय चाललो न्हाई."

"मुळीच नाही."

"मग खुर्चीवर बसून बोलायचं," अक्का म्हणाली. गिरणीला कर्ज दिलेल्या बँकेत गेल्यावर तिनं खरोखरच खुर्ची ओढली, साहेब 'बसा' म्हणायच्या आधी.

साहेब माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. त्यानं जवळची वाट काढली. एक जबाब टाइप करून आणला आणि म्हणाला, यावर सही करा, दोन दिवसांत नाव मोकळं करतो. प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली. शीतल शेजारी नखं खात बसलेली. अक्कानं चष्मा लावला आणि सुरुवात केली, "मी, पद्मावती आण्णासाहेब पाटील, लिहून देते की..." सगळी शाखा ऐकायला लागली. पुढं मजकूर होता की हे कर्ज माझ्या भावकीतल्या विधवा पद्मावतीचं आहे, ती अमुक ठिकाणी राहते, तिनं ते बुडवलं आहे, वसुली तिच्याकडून व्हावी.

पण अक्काचा आवाज 'माझ्या भावकीतल्या'पाशीच थांबला. तिला मनातल्या मनात वाचताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वाचून तिनं कागद साहेबाकडे सरकवला.

"हे मी न्हाई देणार."

"अहो, पण खरंच आहे ना ते?"

"कर्ज तिचं हाय, ते खरं. पर बुडिवलं म्हणाय मी कोण? तिचा मालक गेला, गिरणी बंद पडली. ती अन् तुमी काय ते बघा. चूक तुमची, तुमी निस्तरा. माज्या सहीनं तिच्या दारात वसुलीची जीप न्हाई जायची."

शीतल रडकुंडीला आली. "आई, माझा प्रवेश जाईल गं."

"गेला तर फुडच्या वर्षी घिऊ. तिला उघडं पाडून तुला न्हाई शिकवायची."

दोन दिवसांचं काम हातचं घालवलं म्हणून वकील या नात्यानं मी चरफडले. बाई म्हणून मात्र माझी मान ताठ झाली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग आम्ही लांबच्या वाटेनं गेलो. फक्त अक्काचा पॅन, अक्काचे कागद, आणि 'हे कर्ज माझं नाही' एवढं एकच वाक्य. बँकेनं चालढकल केली, मुदत ओलांडली, तेव्हा मी बँकिंग लोकपालाकडे गेले. पहिल्या फेरीची जागा गेलीच. शीतलला शेवटच्या फेरीत प्रवेश मिळाला, तोवर त्या घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. पण रिपोर्ट स्वच्छ झाला आणि उशिराची भरपाईही आली. ती घ्यायला अक्का लाजेल असं मला वाटलं होतं. कसली लाजते! "माजं नाव इतके दिस वापरलं, त्येचं भाडं हाय हे," म्हणाली. माझ्या वकिलीत याहून मोठे निकाल लागलेत, पण छाती फुगवून सांगावा असा हाच.

पुढं गावच्या मंदिरात जेवण होतं, मलाही बोलावणं होतं. अक्का पंगतीत आमटी वाढत होती. माझ्या शेजारच्या बाईला मघाशी कुणीतरी 'गिरणीवाली' म्हणून हाक मारली होती. तिनंच अक्काला थांबवलं.

"व्हय गं, शीतलचं बँकंत लय दिस अडलं व्हतं म्हणं. काय झालं व्हतं?"

माझा घास हातातच राहिला. अक्कानं तिच्या भातावर आमटी वाढली.

"काय न्हाई गं. नावात जरा घोळ व्हता," ती म्हणाली. "भात घे की आणिक."