लॉबीसाठी आणलेला रेडिओ

"खोका रिकामा करून पाहिजे म्हणते, अन् बघ कशी आत डोकं घालून बसलीय," काका पडद्याआड काकूंना म्हणाले.

"हळू बोला. ऐकू जाईल तिला."

"जाऊ दे की. आल्यापासून दोनच शब्द बोललीय. एक नमस्कार, दुसरा ब्लूटूथ."

मला ऐकू गेलं होतं. मी रेडिओच्या पाठीमागून मान बाहेर काढली आणि मोबाइल बघत असल्यासारखं केलं. काका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा माझा चेहरा नेहमीसारखा कोरा होता. तो मला चांगला जमतो.

शहागंजच्या मागे एका बोळात त्यांचं घर आहे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान, त्यावर पाटी नाही. वॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, जुने रेडिओ दुरुस्त करणारं शहरात आता एवढं एकच घर उरलंय, असं मला भंगारवाल्याने सांगितलं होतं. काका अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी इथे आले आणि तेव्हापासून हेच काम करतात.

मी एका इंटिरियर डिझायनर मॅडमकडे नोकरी करते. तेव्हा मला लागून सहाच महिने झाले होते. वेरूळ रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलची लॉबी आम्ही सजवत होतो आणि मॅडमना तिथे 'जुन्या काळाचा कोपरा' हवा होता. त्यासाठी त्यांनी भंगारातून एक मोठा लाकडी रेडिओ विकत घेतला. आतलं सगळं काढून फेकायचं, त्या जागी ब्लूटूथ स्पीकर बसवायचा, बाहेरून फक्त काच आणि बटणं तशीच ठेवायची, असं ठरलं. असे रेडिओ हल्ली बऱ्याच कॅफेंमध्ये दिसतात. मला काम सोपं वाटलं होतं.

"काढायला काय, दहा मिनिटांत काढतो," काका म्हणाले. "पण आधी बघू तर द्या काय हाय आत."

त्यांनी मागचा सैल पुठ्ठा पूर्ण काढला, विजेरी धरली आणि एकेक तार बोटाने चाचपत गेले. मग मला बोलावलं.

"ही तार बघा. कुणीतरी मागं दुरुस्त केलाय ह्याला. पीळ कुठल्या बाजूला हाय?"

मी बघितलं. बाकीच्या तारांपेक्षा त्या एका तारेचा पीळ उलटा होता.

"डावखुरा मिस्त्री होता," काका म्हणाले. "काम लई सुबक. तार एवढीशी बी वाया नाय घातली." ते समोर बसलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते. "काय करू मग? काढू?"

मी 'हो' म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "मी शनिवारी येते."

पुढच्या शनिवारी काकांनी दुरुस्तीच सुरू केली, मी अडवलं नाही, आणि त्यानंतर मी दर शनिवारी जाऊ लागले. मॅडम विचारत, "झालं का गं रेडिओचं?" मी सांगे, "काम चालू आहे." ते खोटं नव्हतं. पण कुठलं काम चालू आहे हे मी सांगत नव्हते, आणि त्या विचारत नव्हत्या. कमी बोलणाऱ्या माणसाला असं लपवणं सोपं जातं.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी आकडे मला अजूनही चटकन कळत नाहीत, म्हणून दुकानांत मी गप्प राहते. पहिल्या शनिवारी काकांनी कसलातरी आकडा सांगितला आणि मी नुसतीच बघत राहिले. दुसऱ्या वेळेपासून ते सहज "फोर्टी सेवन" म्हणू लागले. त्यावर ना हसले, ना बोलले. 'ग्रिड', 'कॅथोड' हे शब्द त्यांच्या तोंडी गावाकडच्या शब्दांसारखे मुरलेले होते. शाळेत मी ते परीक्षेपुरते पाठ केले होते. इथे ते मला दिसत होते, काचेच्या नळीत, केसाएवढे बारीक.

काकांच्या कामाला घाई माहीत नव्हती. तारा जोडायला कथलाचा डाग देताना ते श्वास रोखून धरत आणि डाग थंड होऊन चमक बसली की सोडत. त्यांच्याबरोबर मीही श्वास रोखायला लागले होते, हे एकदा काकूंनी पकडलं.

"बघा, ह्यांच्या नादाने पोरीचा जीव जाईल एक दिवस."

रेडिओत बोटाच्या पेराएवढे मेणकागदाचे जुने कंडेन्सर होते, सगळे निकामी. नवे कंडेन्सर चिंचोक्याएवढे असतात. ते सरळ जोडून मोकळं होता आलं असतं. काकांनी कंडेन्सरची प्रत्येक जुनी कागदी नळी गरम करून आतला गाभा ओढून काढला, नवा कंडेन्सर तिच्यात बसवला आणि वितळलेलं तेच मेण ओतून तोंड बंद केलं. एका नळीला पाऊण तास. अशा अकरा नळ्या होत्या.

मी विचारलं, "पण हे तर झाकणाच्या आत राहणार. कोण बघणार?"

"दुसरा मिस्त्री बघंल ना. उद्या तो उघडंल तवा त्याला कळाया पाहिजे, मूळचं काय होतं."

"दुसरा मिस्त्री राहिलाय कुठं?" काकू आतून म्हणाल्या. "तुमच्यानंतर उघडायला येतंय कोण?"

"येईल कुणी. मी आलोच ना त्या डावखुऱ्याच्या मागं."

काकूंचंही एक काम होतं. काटा सरकवणारी डायलची दोरी त्याच बांधत. दोरीचं एक टोक दातात, दुसरं चिमटीत, आणि मधल्या तीन चाकांवरून ती अशी फिरवायची की कुठे सैल पडता कामा नये. मी बघत होते. पहिल्या खेपेला दोरी निसटली, दुसऱ्या खेपेला बसली.

"ह्यांची बोटं जाड," काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून दोरी मीच बांधते. अन् लोक म्हणतात, काय हात हाय हो तुमचा काका!"

त्या दिवशी मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. कुणी सांगितलेलं नसताना मी ओलं फडकं घेऊन डायलची काच पुसायला लागले. काकूंनी माझं मनगट पकडलं, पण तोवर काचेवर लिहिलेल्या जगभरच्या शहरांपैकी एकाच्या नावाचं पहिलं अक्षर फडक्यावर आलं होतं. ती अक्षरं काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि पाणी लागलं की सुटतात, हे मला माहीत नव्हतं. माझे कान तापले.

"एवढंच गेलं. बाकीचं जग हाय अजून," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातात कोरडा मऊ ब्रश दिला.

काकांनी पहिल्यांदा वीज दिली ती मध्ये एक साधा बल्ब जोडून. "एवढी वर्षं उपाशी राहिलेल्याला एकदम पुरणपोळी देतं का कुणी? आधी पेज." बल्ब झगझगीत पेटला, मग हळूहळू मंद झाला. मंद होणं चांगलं, म्हणजे आत कुठे शॉर्ट नाही, असं ते म्हणाले. आवाजाचं बटण मात्र त्यांनी शून्यावरच ठेवलं होतं. मीटर लावून सगळं मोजलं, मान डोलावली आणि बटण बंद केलं.

"वाजवून नाही बघणार?" मी विचारलं.

"आता मालकीणबाईंना आणा. दुरुस्त झालेला रेडिओ पहिल्यांदा मालकानं लावायचा. मागं एकानं मला सुनावलं, आमच्या रेडिओचा आवाज तुम्ही बदलला म्हणून. तवापासून मी आधी ऐकतच नाय. त्याच्यासमोरच होऊ दे काय व्हायचं ते."

"अन् त्याच्यासमोर नाही वाजला तर?" काकू म्हणाल्या. "दोनदा फजिती झालीय, सांगा की तिला."

"दोनदाच ना?"

मी म्हटलं, "काका, मीच नेते ना. मीच लावते."

"तुमचा हाय का?"

माझा नव्हता. दोन आठवड्यांनी हॉटेल सुरू होणार होतं. मॅडमना काही न सांगता रेडिओ नेऊन दिला असता, तर त्यांनी दुसऱ्या कुणाकडून तासाभरात आतलं काढून घेतलं असतं, त्या अकरा नळ्यांसकट. सांगितलं असतं, तर नोकरीचं काही खरं नव्हतं. मी मॅडमना मेसेज तीनदा लिहिला, तीनदा पुसला. शेवटी पाठवला तो एवढाच : 'एकदा तुम्ही येऊन बघावं, असं म्हणतायत.'

मॅडम शनिवारी सकाळी आल्या. बोळात गाडी येत नाही म्हणून वैतागलेल्या होत्या, पण रेडिओ बघितल्यावर खूश झाल्या. काकांनी लाकडाला हाताने पॉलिश केलं होतं.

"वा! चकाचक केलंय हो. आतलं सगळं गेलं ना? कचराच असतो नुसता."

काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "बटण फिरवा, बाई."

मॅडमनी बटण फिरवलं. काहीच झालं नाही. "पेअर कसं करायचं?" त्यांनी विचारलं. काकांनी तळहात दाखवला, थांबा. काचेमागे पिवळसर उजेड भरत गेला. मग खरखर, आणि मग एका माणसाचा आवाज. कापसावरच्या बोंडअळीबद्दल तो सावकाश सांगत होता. आवाज जाड होता, भरलेला होता, जणू तो माणूस आमच्यातच पाट घेऊन बसलाय. इअरफोनमधून मी आयुष्यभर जे ऐकत आले, त्यात असं कुणी जवळ येऊन बसल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. काका हात मागे बांधून, मान तिरकी करून ऐकत होते. तेही पहिल्यांदाच ऐकत होते.

"काय साउंड आहे!" मॅडम म्हणाल्या. "कुणाचा फोन लावलाय?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका माझ्याकडे बघायला लागले, मग मॅडमही. मी घसा साफ केला.

"फोन नाहीये मॅडम, हा रेडिओच वाजतोय. आतलं मी काकांना काढूच दिलं नाही, आणि आता कुणी काढलं तर मला ते चालणार नाही."