मुठीत राहिलेले दाणे

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडत होते. सुनंदा माझी शाळेतली मैत्रीण, अजून शाळेच्या गावी, खोडदलाच असते. म्हणाली, "हौसे, परचुरे बाई गेल्या गं." डबा तसाच झाकला. आठवड्याभरानं तिचा पुन्हा फोन. शाळेत शोकसभा झाली, बाईंच्या फोटोला हार घातला, आणि आमच्या वेळचे मुख्याध्यापक, आता निवृत्त झालेले, अध्यक्ष म्हणून बोलले: "बाई मनमिळाऊ होत्या. त्यांना स्पॅनिशचा छंद होता." एवढंच. मग सगळ्यांनी चहा घेतला.

छंद! त्या शब्दानं मला महिनाभर झोप लागू दिली नाही. मी नववीत शाळा सोडलेली बाई. घरापासून इतक्या लांब, तमिळनाडूत तिरुपूरला, बनियन शिवण्याच्या कारखान्यात कामाला. पेपरच्या पुरवणीत लिहिणारी माणसं वेगळी, हे मला कळतं. कितीदा पान फाडलं. शुद्धलेखन सांभाळून घ्यावं, पण हे कुणीतरी सांगायला हवंच... तो छंद नव्हता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमचं गाव पश्चिमेला डोंगरात, भात-नाचणीचं. तिथं पुढची शाळा नाही म्हणून मला खोडदला मावशीकडं ठेवलेलं. वर्गात बागायतदारांची पोरं होती, गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला असलेल्या साहेबांचीही होती. मी "व्हतं" म्हटलं की साहेबांची पोरं हसायची, आणि ती हसली की बागायतदारांचीही हसायची, जशी काही ती घरी "होतं"च म्हणत होती! मला नाव पडलं 'भात'. "ए भाता, बोल की!" मी बोलणंच सोडलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची.

परचुरे बाई पुण्याहून आल्या, इंग्रजी शिकवायला. शिक्षकांना कृतिसंशोधन म्हणून काहीतरी करावं लागायचं. वर्गातली एखादी अडचण घ्यायची, उपाय करून बघायचा, काय झालं ते लिहायचं. बाकीचे शिक्षक मागच्या वर्षीचंच उतरवून द्यायचे. बाईंनी मात्र खरंच अडचण शोधली: या वर्गातली निम्मी पोरं तोंड का उघडत नाहीत? आणि त्यांचा उपाय होता स्पॅनिश. पुण्यात असताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन त्या ती शिकल्या होत्या. "ही भाषा इथं कुणाच्याच घरात बोलत नाहीत," त्या म्हणाल्या, "म्हणजे कुणी कुणाला हसायचं कारण नाही. चुकायचं सगळ्यांनी मिळून."

तासाच्या सुरुवातीला त्या प्रत्येकाच्या हातात मक्याचे थोडे दाणे द्यायच्या. एकदा बोललं की एक दाणा टेबलावरच्या चहाच्या डब्यात टाकायचा. मका, मिरची, टोमॅटो, पेरू, झेंडू, सगळं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांकडून इकडं आलं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा बाळू उसळला, "बाई, मिरची आमचीच हाय! आमच्या पणजीपासून हाय!" बाई प्रश्न विचारून थांबायच्या. वर आलेल्या हातांकडं बघायच्याच नाहीत. खडू तळहातावर आपटत, मागच्या बाकाकडं बघत नुसत्या थांबायच्या. तास संपताना कुणाच्या मुठीत दाणे राहिले ते पाहायच्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणायच्या, "आज माझं काय चुकलं?" पोराचं नाही. त्यांचं!

मी पहिल्यांदा बोलले ते "मे यामो हौसा." म्हणजे, माझं नाव हौसा. साहेबांच्या एका पोराला ते धड म्हणता येईना, त्यानं मला विचारलं, "कसं म्हटलंस गं?" हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दिवाळी झाली. बाईंनी मेक्सिकोतली चाल सांगितली: तिथले लोक गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, झेंडू वाहतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात. "म्हंजी आपली सर्वपित्रीच की!" सुनंदा म्हणाली. ठरलं, प्रत्येकानं घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा आणि त्याच्याबद्दल एक वाक्य स्पॅनिशमधून बोलायचं. शेतात झेंडू उरलेलाच होता. बाळूनं पणजीचा फोटो आणला. घरात तिचा तेवढाच एक, आणि त्यात तिच्या शेजारी त्याचे आजोबा बसलेले. हार दोघांनाही पडला. आजोबा, म्हणजे तात्या, शाळेच्या कमिटीवर होते, चांगले धडधाकट. नेमके त्याच दुपारी आले आणि दारातच थबकले.

"आरं बाळ्या, मला कवा पोचवलं रं?"

बाईंचा चेहरा उतरला. तात्या फोटोपुढं गेले, पणजीसाठी ठेवलेला शेंगदाण्याचा लाडू उचलला आणि म्हणाले, "माझ्याबी नावाचा हाय ना? मंग खातो." मग बाकावर बसून आईच्या आठवणी सांगत राहिले, तास संपला तरी.

पण मुख्याध्यापकांना हे स्पॅनिश आधीपासूनच खुपत होतं, निमित्त हवंच होतं. दुसऱ्या दिवशी ऐन तासाला दारात उभे. "जिवंत माणसाला हार घालता? आधी अभ्यासक्रम पुरा करा, हे खूळ बंद." तात्या स्वतः जाऊन सांगून आले, "माझी काय तक्रार न्हाई, राव." ऐकलं नाही. बाई म्हणाल्या, "सर, एक तास मागं बसून बघा, मग बंद करा." बसले नाहीत. एकदाही नाही! ज्या माणसानं आमचा वर्ग कधी पाहिला नाही त्यानं तो बंद केला, आणि आता बाई उत्तर द्यायला नाहीत तेव्हा त्याला छंद म्हणून मोकळा झाला.

त्या दिवशी बाईंनी दाणे गोळा केलेच नाहीत. माझे मुठीतच राहिले, ते मी घरी आणले. पुढं माझं लग्न झालं, इकडं आले. मला तमिळचा गंधही नव्हता. उजव्या खिशात ते दाणे ठेवायची आणि एक वाक्य बोलले की एक डाव्या खिशात टाकायची. बाया हसल्या. हसू दे! त्यांच्यात बसून चुकत चुकत शिकले. शिवणाऱ्या बायांना प्यायचं पाणी लांबून आणावं लागायचं, तेव्हा सुपरवायझरपुढं सगळ्यांच्या वतीनं मीच बोलले. बाईंना हे कळवायचं राहून गेलं...

परवा सुनंदाकडून नंबर घेतला आणि मुख्याध्यापक सरांना फोन लावला.

"सर, मी हौसा, तिरुपूरहून. नववीत शाळा सोडली. परचुरे बाईंच्या वर्गातली."

"बरं, बरं. बोल."

"बाईंचा तो छंद नव्हता, सर."

"अगं, चांगलंच बोललो मी त्यांच्याविषयी." मग ते हसले. "आणि काय गं, तिकडं स्पॅनिश बोलतेस की काय तू?"

"नाही, सर. पण तुमच्याशी बोलतेय ना."

पलीकडं काहीच आवाज नाही. पूर्वी मी घाबरून फोन ठेवला असता. या वेळी बाईंसारखी थांबले. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "वर्गात होतीस तू? मला आठवत नाहीस."

"कसं आठवंल, सर? तुमी आलाच न्हाई."

फोन ठेवला. त्या दाण्यांतले बरेचसे कीड लागून गेले, थोडे अजून धड आहेत. त्यातला एक घेतला आणि ओट्यावरच्या चहाच्या डब्यात टाकला. डबा रिकामाच होता. टण्णकन वाजला.