मोहाखालची पाती

आपली लेक दामिनी मशीनखाली हात घालते, हा विचार संध्याबाईंच्या मनातून जात नसे. मुर्री गावातल्या घरी भाजी चिरतानाही त्यांना ती पाती दिसत. ट्रॅक्टरमागे जोडलेलं रोटरी कटर, त्याच्या लोखंडी छपराखाली गरगरणारी दोन जाड पाती. बी.एस्सी. झालेली पोरगी वडिलांच्या ट्रॅक्टरला हे कटर लावून गावोगावची झुडपं साफ करत होती. आमगावच्या राइस मिलमध्ये चुलतदीर केशोरावांनी तिच्यासाठी ऑफिसातली जागा धरून ठेवली होती आणि आज संध्याकाळपर्यंत निरोप मागितला होता. आईने हट्ट धरला तर दामिनी तो मोडणार नाही, हे संध्याबाईंना ठाऊक होतं. तो हट्ट धरायलाच त्या दामिनीचं काम चालू होतं तिथे, दरेकशाला गेल्या.

तिथे चैतराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर मोहाची झाडं होती. वेचायची फुलं गळायच्या आत खालची जमीन मोकळी हवी. दरवर्षी तो पाला पेटवून द्यायचा. गेल्या वर्षी आग जंगलाकडे सरकली आणि ती विझवताना सगळ्या गावाचा घाम निघाला, म्हणून यंदा त्याने दामिनीला बोलावलं होतं.

शेवटचा पट्टा उरला असताना कटर एका खुंटावर आदळलं आणि थरथरू लागलं. दामिनीने लगेच कटर उचललं आणि ट्रॅक्टर बंद केला.

"काऊन थांबवलं बाई? थोडसंच तं राहिलं," चैतराम म्हणाला.

"हादरून राहिलं, काका. असंच चालवलं तं बेअरिंग जाईल."

तिने कटरच्या चारी कोपऱ्यांखाली सागाचे ठोकळे लावले आणि भार त्यांच्यावर टेकवला. मग चाबी काढून आईच्या हातात ठेवली. "मी बाहेर येईपर्यंत कोणालेच देऊ नको."

पाती सोडवायला ती खाली सरकली. बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या. पाना नीट लागेना, तसा चैतराम पुढे झाला. चाबी द्या, ट्रॅक्टर सुरू करून कटर जरासं वर घेतो म्हणजे तिला जागा होईल, असं त्याचं म्हणणं.

"ती मागेल तेव्हाच," संध्याबाई म्हणाल्या. मूठ इतकी आवळली होती की चाबी तळहातात रुतली.

दामिनी दोन्ही पाती घेऊन बाहेर निघाली, तेल लागलेलं कपाळ पुसत. एकाची धार तुटली होती. तिने ती घासून काढली आणि चैतरामच्या बायकोकडे, मंगलीकडे, मोहफुलं तोलायचा तराजू मागितला. सुरुवातीच्या वर्षी तिने एकच पातं घासलं होतं. दोन्हींच्या वजनात फरक पडला, आणि दिवसभर हादरून बेअरिंग फुटलं. तेव्हापासून तराजू.

"आता काय लोखंडाची दारू गाळतेस?" मंगली हसली.

दुसरं पातं दामिनी थोडं थोडं घासत गेली आणि पुन्हा पुन्हा पारड्यात ठेवत गेली, दांडी सरळ होईपर्यंत. चैतराम घाई करत होता, पण तिने एकदाही वर पाहिलं नाही. संध्याबाई मात्र तिच्यावरून नजर काढू शकल्या नाहीत. एवढं जपून त्यांनी स्वतः आयुष्यात काय केलं होतं, ते त्यांना आठवेना.

पाती बसली. नट आवळून दामिनी बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. संध्याबाईंनी मूठ उघडली.

ट्रॅक्टर सुरू झाला. कटर वर उचललं गेलं, चारी ठोकळे निघाले, तिने ते मोजून घेतले. या वेळी कटर एका लयीत चाललं.

संध्याबाईंच्या छातीतली धडधड थांबली नव्हती. ती बहुधा कधीच थांबणार नव्हती. नेटवर्क मिळतं का बघत संध्याबाई स्टेशनकडच्या चढावर गेल्या. ती जागा दुसऱ्या कोणाला द्या, एवढंच केशोरावांना सांगायचं होतं. त्यांनी नंबर लावला.