जाळीवरची मोहफुलं

आरागिरणीत डॉक्टर नव्हता. मी होतो. चांद्याच्या दवाखान्यात दीड वर्ष कंपौंडरच्या हाताखाली बाटल्या धुतल्या, पट्ट्या बांधायला शिकलो, आणि एवढ्याच विद्येवर बाविसाव्या वर्षी मला ही नोकरी लागली. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. गिरणी वडशाहून कुरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. जंगलातून सागाचे ओंडके येत, इथे त्यांच्या फळ्या होत आणि त्या वडशाच्या स्टेशनावर जात. मला एक खोली, एक कपाट, टिंक्चर, कापूस, पट्ट्या आणि सल्फाची पूड एवढं दिलेलं होतं. लोक मला डाक्तरभाऊ म्हणत आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

माझं काम बहुतेक काटे काढण्याचं. कुणाच्या बोटात सागाचं कुसळ शिरलेलं, कुणाच्या पायावर फळी पडलेली, कुणाचे डोळे भुशाने लाल झालेले. पहिलं वर्ष असंच गेलं. या कामाला धोक्याचं म्हणतात हे माझ्या मनातही आलं नव्हतं. लाकूड चिरणाऱ्या आऱ्यांची मला भीती वाटे, पण आरे समोर दिसत. जे दिसतं त्यापासून माणूस लांब राहतो, असं मी समजत होतो.

आऱ्यांच्या खाली कमरेएवढा खोल, लांबलचक खड्डा होता. इंजिनाचा लोखंडी दांडा त्या खड्ड्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. लोक त्याला साप्ट म्हणत. त्याच्यावरच्या चाकांवरून पट्टे वर जात आणि आरे फिरत. वरून सगळा भुसा खड्ड्यात पडे, आणि तो टोपल्यांत भरून बाहेर नेण्याचं काम बायकांचं. फिरत्या साप्टच्या बाजूला वाकून त्या दिवसभर भुसा भरत. साप्ट इतका वेगाने फिरे की तो फिरतो आहे असं वाटतच नसे. जागच्या जागी थांबलेला, तेलाने चकचकीत, गुळगुळीत दांडा.

त्या बायकांत एक गोंड बाई होती. तिशीच्या आतबाहेरची, बोलायला मोकळी. तिचा नवरा ओंडके सरकवायच्या कामावर होता. तिच्या तळहातावरचा फोड मी एकदा कापून दिला होता, तेव्हापासून ती कधी रानातली पिकली टेंभरं, कधी चारोळी माझ्या खिडकीत ठेवून जाई.

उन्हाळ्याचे दिवस होते, जेवणाची सुट्टी व्हायला थोडा वेळ होता. मी खोलीत पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. आऱ्याचा आवाज मला पाठ झालेला. तो मध्येच जड झाला आणि लगेच बायकांचा ओरडा ऐकू आला. मी धावलो. मिस्त्री माझ्या आधी पोचला होता. पन्नाशीचा माणूस, इंजिनावर त्याचा हात चाले. त्याने बांबू घालून इंजिनाकडून येणारा मोठा पट्टा चाकावरून उडवला आणि साप्ट थांबला. मग तो खड्ड्यात उतरला, तिच्या काखेत हात घालून त्याने तिला वर उचललं आणि माझ्याकडे दिलं.

तिचा अंबाडा साप्टमध्ये गेला होता. केस, आणि केसांसकट कपाळापासून मानेपर्यंतची कातडी तिच्या डोक्यावर नव्हती. ती खाली, दांड्याभोवती गुंडाळलेली होती.

मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. सल्फाची पूड सगळी वापरली. कपाटातला कापूस पुरला नाही, तेव्हा मिस्त्रीने आपलं धुतलेलं धोतर आणून दिलं आणि मी ते फाडून बांधलं. ती शुद्धीवर होती. रडत नव्हती. डोळे उघडे, माझ्याकडे लावलेले, आणि तिने फक्त एवढंच विचारलं, "माही टोपली कोन नेली?"

"आहे, आहे इथंच," मी म्हणालो. टोपली कुठे होती मला माहीत नव्हतं.

ट्रकवर फळ्या चढवलेल्या होत्या. त्या उतरवायला वेळ लागेल म्हणून तिला ड्रायव्हरशेजारी बसवलं, मी आणि तिचा नवरा फळ्यांवर बसलो. वडशाला चांद्याची छोटी गाडी मिळाली. गार्डने तिला पाहिलं, आपल्या डब्याचं दार उघडलं आणि स्वतः उभा राहिला. वैनगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे जगन का?" मी हो म्हणालो. मला काहीच माहीत नव्हतं.

चांद्याच्या डॉक्टरांनी धोतर सोडलं, पाहिलं, आणि वर न बघता मला विचारलं, "शाफ्टवर झाकण नव्हतं?"

"नाही साहेब. आमच्याकडे तसलं काही नसतंच," मी म्हणालो. अगदी खात्रीने म्हणालो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा मॅनेजरने अपघाताची वही पुढे केली. हा शांत, नीटनेटका माणूस. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो, की बाईने केस नीट बांधले नव्हते, तिच्याच हयगयीने हे झालं. खाली मी सही केली. वही मिटून मी कपाटातलं काय काय संपलं त्याची यादी करायला बसलो.

ती जगली. तीन आठवड्यांनी मी औषधं आणायला चांद्याला गेलो तेव्हा तिला भेटलो. डोकं सगळं बांधलेलं, चेहरा लहान झालेला. डॉक्टर फेरीवर होते. ते मला पुन्हा त्याच विषयावर समजावू लागले, की कायद्यानेच अशा दांड्यावर झाकण लागतं. "तारेची जाळी असते, अर्धगोल," ते हाताने आकार दाखवत म्हणाले, "दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी, तिला भोकं. बोल्टने बसवायची."

खाटेवरून ती म्हणाली, "हिरवी?"

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"हिरवी जाळी, अशी वाकळी. ते तं हाय ना आपल्या गोदामात. चार हायत. आमी त्याच्यावर मोहा वाळवला." मग माझ्याकडे बघत, "ते कायची हाय म्हून मी इचारलं होतं. कोनी सांगितलं नाई."

त्या जाळ्या मीही पाहिल्या होत्या. महिनाभर रोज गोदामावरून जाताना पाहिल्या होत्या, आणि त्यांच्यावरची मूठभर मोहफुलं तिच्यासमोर तोंडात टाकली होती.

गिरणीत पोचल्या पोचल्या मी गोदामात गेलो. चारही जाळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, रंग नवाकोरा. तारांच्या चौकोनांत मोहफुलं सुकून चिकटलेली. मी तिथून सरळ मिस्त्रीकडे गेलो. माझ्या आवाजाला काय झालं होतं कोण जाणे, त्याने हातातलं तेलाचं डबडं खाली ठेवलं.

"मिस्त्रीभाऊ, त्या जाळ्या साप्टच्या आहेत?"

"हाव."

"मग काढल्या कोणी?"

"मीच काढल्या." त्याने माझ्याकडे पाहणं सोडलं नाही. "दोन सालं झाली. पट्टा घसरला का आंधी जाळी काढा, मंग पट्टा चढवा, मंग जाळी बसवा. काम खोळंबून राहे. म्यानेजर म्हने, ठेव तिकडं. ठेवली. नागपूरहून इन्स्पेक्टर येनार असला का लावतो. गेला का काढतो. तुमी आल्यापासून आला नाई."

"आणि बायांना?"

"बायांले तवा सुट्टी देते."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी नुसता उभा होतो. ज्या हातांनी तिला खड्ड्यातून उचललं ते माझ्यासमोर होते, काळे, तेलकट, आणि त्याच हातांनी बोल्ट सोडले होते. वर्षभर मी या माणसाशेजारी जेवलो होतो. गिरणीत सगळ्यांत चांगला माणूस कोण असं कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं. अजूनही बहुधा दाखवलं असतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

त्या दिवशी खोलीत जाऊन मी वहीत काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचलं. अक्षर माझंच होतं.

पावसाळ्याआधी इन्स्पेक्टर आले. आदल्या दिवशी जाळ्या धुऊन बसवल्या गेल्या, खड्डा झाडला गेला, बायकांना सुट्टी. इन्स्पेक्टर वयाने माझ्याहून फार मोठे नसावेत. त्यांनी वही वाचली, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "जाळी असताना केस गेले कसे?"

मॅनेजर माझ्या डाव्या हाताला उभा होता. तयारी करून ठेवलेलं एक वाक्य होतं, ते आठवेना. शेवटी मी म्हणालो, "साहेब, जाळी तेव्हा नव्हती. वहीत मी लिहिलं ते खोटं आहे."

मॅनेजर हसून म्हणाला, "कंपौंडर नवीन आहे साहेब. त्याला यंत्रातलं कळत नाही. मिस्त्रीला विचारा."

इन्स्पेक्टरांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने हात फडक्याला पुसले.

"नोहती," तो म्हणाला. "मीच काढली होती. काल लावली."

इन्स्पेक्टरांनी उभ्या उभ्याच लिहून घेतलं. वरच्या कचेरीत पुढे काय झालं ते आमच्यापर्यंत कधी आलं नाही. ते पुन्हा येणार होते एवढं मात्र सांगून गेले. त्याच दुपारी मिस्त्री हातोडा घेऊन खड्ड्यात उतरला आणि त्याने प्रत्येक बोल्टचं टोक ठोकून चपटं केलं, म्हणजे पान्याने ते सुटणार नाहीत. मॅनेजर वरून पाहत राहिला. मला मात्र दोन महिन्यांनी नोकरीवरून काढलं. कामावर लक्ष नाही, असं कारण दिलं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. रात्री मला झोप लागत नसे.

मी जायच्या आठवड्यात ती आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, नवरा मागे. केस पुन्हा येणार नव्हते, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आणि जाळी कुणी काढली होती ते नवऱ्याने. तिने सरळ खड्ड्याची वाट धरली. बायका काम सोडून बाजूला झाल्या, मिस्त्रीने इंजिन बंद केलं. जाळीवर हात ठेवून ती मिस्त्रीला म्हणाली, "चालू करा, मिस्त्रीभाऊ. पाहू द्या मले."

त्याने इंजिन सुरू केलं. आतला दांडा फिरू लागला आणि क्षणात स्थिर दिसू लागला. तिने हात काढला नाही. मग इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मिस्त्रीच्या जवळ येऊन म्हणाली, "मले काढलं ते तुमी. हे काढलं होतं तेबी तुमी. मी कोनतं ध्यानात ठेवू?"

तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

मिस्त्री मागच्या ओंडक्यावर बसला. तिने एका तरुण बाईजवळ जाऊन तिचा सुटलेला अंबाडा स्वतःच्या हाताने बांधला, त्यावर फडकं आवळून गाठ मारली, आणि नवऱ्याबरोबर फाटकाबाहेर पडली. इंजिन तसंच चालू राहिलं. आऱ्यावर ओंडका नव्हता, तरी आरे फिरत होते, आणि ते बंद करायला कुणी उठत नव्हतं.