घोषणा कोण देणार

सरिताच्या गळ्याच्या जोरावर आनंदराव राज्यपाल झाले, असं लोक उत्तर नागपुरात चेष्टेने म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. आनंदराव पहिल्यांदा नगरसेवकपदाला उभे राहिले तेव्हा ती वस्तीतली नवी सून. सभेत तिने पदर खोचून आवाज टाकला, "आनंदराव तुम आगे बढो," आणि अख्खी वस्ती मागून गरजली, "हम तुम्हारे साथ हैं." पुढे ते आमदार झाले, मंत्री झाले, एकदा सपाटून पडले, आणि शेवटी पक्षाने त्यांना दूरच्या एका राज्यात राज्यपाल म्हणून पाठवून दिलं. सरिता होती तिथेच राहिली, घसा खरवडत.

जाताना ते तिला म्हणाले होते, "आता हे सीट तुही. सांभाळ."

तिने ते मनावर घेतलं. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाचा पेशंट धंतोलीच्या दवाखान्यात अडकलेला, कुणाला बुटीबोरीच्या कारखान्यातून काढलेलं, सगळीकडे हीच धावायची. नवरा रोशन कुरकुरायचा, पण आपला डबा मुकाट्याने स्वतः भरून न्यायचा.

मुदत संपली, साहेब परतले, आणि लगेच कळलं की त्यांनाच पुन्हा विधानसभेला उभं राहायचंय. सरिताच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं राजभवन उपभोगून या माणसाचं पोट भरलं नाही?

कार्यकर्त्यांचा कल पाहायला मुंबईहून पक्षाचा निरीक्षक येणार होता. त्यावर उमेदवार ठरणार होता. शेजारच्या कांताबाईच्या घरी बायका जमल्या. सभागृह भरायचं, आणि निरीक्षकाने विचारलं की सरिताताईच्या नावाची घोषणा दणकून उठवायची. ऑटो कुणाचे, पुढच्या रांगेत कोण, पाणी कोण आणणार, सगळं पक्कं झालं.

सभागृह खचाखच भरलं. मंचावर आनंदराव बसले होते, पार थकलेले. तिला त्यांची कीव आली आणि त्या कीवेचाच राग आला. निरीक्षकाने माईक घेतला. म्हणाला, आनंदरावांचं नाव आहेच, दुसरं कुणाचं असेल तर आत्ताच कळू द्या.

सरिताने कांताबाईकडे पाहिलं. कांताबाई तिच्याचकडे पाहत होती. बाकीच्या बायकाही, मुठी अर्ध्या वळून. पहिला आवाज कोण देणार, एवढंच ठरवायचं राहून गेलं होतं. ते कधी कुणी ठरवलंच नव्हतं, कारण तो तिचाच असायचा. पण स्वतःच्या नावाची घोषणा बाईमाणसाने स्वतः द्यायची कशी? निरीक्षक घड्याळ पाहू लागला. लाज गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणत तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात आनंदराव मंचावरून वाकले. "काहून चुप आहेस वं सरिता? दे ना," ते मायेने म्हणाले.

मूठ आपोआप वर गेली. नेहमी निघायचं तेच नाव तोंडातून निघालं. बायकांनी सवयीने, जीव तोडून साथ दिली. निरीक्षकाने समाधानाने मान हलवली.

ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. कांताबाई मागोमाग आली, डोळे भरलेले.

"आमी तं तुह्याच आवाजाची वाट पाहून राहिलो होतो वं."

आत माईकवरून तिच्याच नावाचा पुकारा चालला होता, साहेबांची घोषणा द्यायला.