यादवभाऊंनी सांगितलेला शेवट

यादवभाऊंना रविवारचा पिक्चर आवडला की नाय, हे सोमवारी सकाळी व्हॅनच्या दारातच कळायचं. आवडला असंल तर मी आत पाय ठेवायच्या आधीच सुरू. नसंल आवडला तर आधी दोन मिनिटं नुसतं नाक मुरडायचे आणि मग सुरू. म्हणजे सुटका कोणाचीच नाय.

मी लंकाबाई, शाळेच्या व्हॅनमधली मावशी. पोरं चढवायची, उतरवायची, कोणाचं नाक पुसायचं, कोणाची मारामारी सोडवायची, हे माझं काम. यादवभाऊंच्या गाडीवर मला नऊ वर्षं झाली. इंदिरानगरातून तेरा पोरं घ्यायची आणि हायवेखालच्या बोगद्यातून पलीकडं शाळेत सोडायची. भाऊ मूळचे चांदवडकडचे, माझ्या माहेरच्या बाजूचे, म्हणून त्यांच्याशी भांडायला मला कोणाला विचारावं लागत नाय.

व्हॅनच्या आधी बावीस वर्षं कांद्याचा टेम्पो चालवलेला माणूस. त्यामुळं पिक्चर प्रेमाचा असो, देवाचा असो नायतर भुताचा, भाऊ बघणार एकच: गाडी कशी चालवली. "हिरो सगळा वेळ पोरीच्या तोंडाकडं बघतो आणि गाडी सरळ चाललीय! माझ्या टेम्पोत असता तर कानाखाली दिली असती." "रिव्हर्स घेताना आरशात बघत नाय, असला माणूस बायको काय सांभाळणार?" एका पिक्चरात एक म्हातारा ड्रायव्हर घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर घेतो, तर दोन आठवडे त्या म्हाताऱ्याचं कौतुक चाललेलं. हिरो कोण होता विचारलं तर आठवंना. शाळेच्या गेटपाशी कडुनिंबाखाली बाकीचे व्हॅनवाले वाटच बघत असायचे. "काय यादवशेठ, बघावा का?" मग भाऊ खाली उतरून निकाल द्यायचे.

मी आपली मालिकावाली. भाऊ मला चिडवायचे, "ताई, तुमची ती सून अजून जिन्यातच उभी हाय का? मागच्या गुरुवारी चढायला लागली होती." मी म्हणायचे, तुमचा हिरो तरी काय, गोळी लागल्यावर गाणं म्हणतो. पोरं खिदळायची. बोगद्यातल्या ट्रॅफिकमध्ये वीस वीस मिनिटं अडकायचो, पण कोणी कंटाळायचं नाय.

परवाच्या सोमवारी टीव्हीवर आदल्या दिवशी लागलेल्या पिक्चरची गोष्ट निघाली. घरोघर बघितलेला. पोरगा शहरात नोकरीला जातो, आईला विसरतो, शेवटी उशिरा घरी येतो, असला रडका. मी पण बघितला, पदर ओला केला. भाऊ गाडी चालवता चालवता म्हणाले, "शेवट काय झ्याक केलाय! पोरगं येतं, आई दारात उभी, ते तिच्यापुढं हात जोडून रडतं. मला तर भरून आलं. बरं झालं, भेट झाली मायलेकरांची."

मागून आठवीतली हर्षाली ओरडली, "काका, काहीही काय! आई गेलेली असते ना! तो फोटो होता, हार घातलेला. समोर दिवा पण होता!"

सगळी पोरं फिदीफिदी हसायला लागली. बालवाडीतला संघर्ष माझ्या मांडीवर बसून टाळ्या पिटत म्हणाला, "काकांना फोटो कळला नाही, काकांना फोटो कळला नाही!" भाऊ पण हसले. म्हणाले, "डोळा लागला असंल रे माझा."

मी पण हसले आधी. आणि हसता हसता एकदम थांबले.

कारण त्या शेवटाला कोणी बोलतच नाय. नुसती बासरी वाजते आणि टीव्हीभर तो फोटो. हार एवढा मोठा, पिवळ्या झेंडूचा. आंधळ्यालाच दिसणार नाय.

मग एकेक आठवायला लागलं. दिवाळीपासून भाऊंच्या बोलण्यात गाडी आलीच नव्हती. पोरं विचारायची, "काका, पाठलागाचा सीन कसा होता?" तर म्हणायचे, "संगीत दणदणीत होतं." त्याच्या आधीच्या पिक्चरात त्यांना व्हिलनचा आवाज आवडला, त्याच्याही आधी हिरोइनीचं हसणं. मी त्यांना बोलले पण होते, म्हातारपणी रसिक झालात काय! गाडीच्या डाव्या अंगाला दोन ओरखडे आलेले, तर म्हणे सोसायटीतल्या पोरांनी काढले. मागच्या आठवड्यात संघर्षच्या गेटाच्या पुढं दोन बंगले गाडी थांबवली. मोबाइलवर मेसेज आला की माझ्यापुढं धरायचे, "वाचा ताई, चष्मा घरी राहिला." रोज कसा घरी राहतो चष्मा? मला मेलीला एकदाही विचारावंसं वाटलं नाय.

ऊन चांगलं पडलेलं. पुढं सर्व्हिस रोडच्या कडंला एक भाजीचा गाडा उभा होता, मेथीच्या जुड्या रचलेला, आणि गाडेवाली बाई आमच्याकडं पाठ करून वाकलेली. मला ती लांबूनच दिसली. मी भाऊंच्या पायाकडं बघत राहिले. पाय ब्रेककडं हलंना.

"भाऊ, गाडा!" मी किंचाळले.

त्यांनी करकचून ब्रेक मारला. दप्तरं पुढं आली, कोणाचा तरी डबा उघडून पोहे सांडले, संघर्षचं कपाळ माझ्या हनुवटीवर आपटलं. गाडेवाली मागं वळून शिव्या द्यायला लागली. तिच्यात आणि आमच्यात हातभर जागा. भाऊ म्हणाले, "दिसला की मला."

तिथंच गाडी थांबवून चावी काढायला पाहिजे होती. नाय काढली. मागून ट्रक हॉर्न मारत होते, तेरा पोरं रस्त्यावर कुठं उभी करू, हे एक. आणि दुसरं खरं कारण म्हणजे मी भ्याले. आपण बोललो आणि खोटं निघालं तर? आणि खरं निघालं तर? मग मी दुसरंच केलं. संघर्षला मागं हर्षालीकडं दिलं, पुढं सरकून भाऊंच्या खांद्यापाशी तोंड नेलं आणि हळू आवाजात सांगत सुटले.

"पुढं रिक्षा थांबली. आता चालली. डावीकडून सायकल येतीय, येऊ द्या. गतिरोधक हाय."

भाऊंनी विचारलं नाय, का सांगताय. "हूं," एवढंच म्हणायचे आणि मी सांगंन तसं करायचे. बोगद्यात शिरलो तेव्हा समोरून दोन गाड्या चुकीच्या बाजूनं घुसल्या. मी त्यांच्या खांद्याला चिमटा काढला, ते थांबले. मागं पोरं पिक्चरचं गाणं म्हणत होती. मी गावच्या देवीपासून सगळे देव बोलावले. जन्मात एवढी भीती वाटली नव्हती, बाळंतपणात पण नाय. रोजचा तो रस्ता संपता संपंना.

गेटपाशी पोचलो. मी एकेकाला हात धरून उतरवलं. हर्षाली म्हणाली, "मावशी, हात किती घट्ट धरलाय, दुखतोय." मी हात सोडला, म्हणलं, पळ. पोरं आत गेली तशी मी पुढच्या सीटवर जाऊन बसले, चावी काढली आणि मुठीत धरली. समोर कडुनिंबाखालून शेखर व्हॅनवाला हात हलवत होता. दहा वर्षं भाऊ त्याच्याबरोबर रोज चहा पितात.

"भाऊ, समोरून हात कोण करतंय, सांगा."

भाऊंनी डोळे बारीक केले. मान थोडी वाकडी केली, परत सरळ केली. "रवी असंल," म्हणाले.

"शेखर हाय तो! लाल स्वेटर घातलाय. दहा पावलांवर उभा हाय."

आणि मग माझ्या तोंडाचा जो पट्टा सुटला! मी म्हणलं, लाज नाय वाटत? लोकांची पोटची पोरं हायेत ती. आया सकाळी डबा भरून, भांग पाडून आपल्या हातात देतात. मुडद्या, म्हणलं, तुझ्या जिवाचं जाऊ दे, त्या संघर्षला अजून नीट पळता येत नाय. भाऊंना मी आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. बोलता बोलता मीच रडायला लागले.

भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "उजवा दिवाळीच्या आधीच गेला. शुगरमुळं. डाव्यात जाळं हाय, त्यातून जेवढं दिसतं तेवढं. रस्ता पाठ हाय, म्हणून चाललं."

"घरी दीपमालावहिनींना ठाऊक हाय?"

"नाय सांगितलं. ती पिक्चर बघताना हसली की मी हसतो. रडली की गप्प बसतो. काल ती रडत होती, मला वाटलं भेट झाली म्हणून रडती."

मी चावी पदराच्या टोकाला बांधली.

"आधी वाटलं, एक महिना. मग वाटलं, परीक्षेपर्यंत. ही गाडी सोडली तर मी कोण, ताई? घरात बसून टीव्ही ऐकणारा माणूस." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "रोज पोरं उतरताना मी पायांचे आवाज मोजायचो. तेरा झाले की मगच श्वास सोडायचो. दुपारी परत तेच. माझ्या तोंडून सांगवत नव्हतं. वाटायचं, कोणीतरी ओळखावं आणि म्हणावं, यादव, उतर खाली. पिक्चर सांगताना मी गाडीचं नावच काढत नव्हतो, आज तर शेवटच चुकलो. तुम्ही सगळे नुसते हसायचा."

हे माझ्या काळजात गेलं. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या मागं हातभर अंतरावर बसत होते.

शेखर काचेपाशी येऊन म्हणाला, "काय यादवशेठ, कालचा पिक्चर कसा?" मी त्याला सांगितलं, दुपारची आमची पोरं तुझ्या गाडीतून सोड, दोन फेऱ्या कर, कारण नंतर सांगते. त्यानं माझं तोंड बघितलं आणि मान हलवली.

मी फिरून ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. भाऊंनी एक पाय बाहेर काढला आणि तो तसाच अधांतरी धरून बसले.

"ताई, खाली खड्डा हाय का?"

"नाय," मी म्हणलं, "सपाट हाय. उतरा."