एकाच बादलीत बुडवलेले हात

माझं काम काय, ते खरं सांगितलं असतं तर नाचणगावात मला कोणी पोरगी दिली नसती. घरच्यांनी ‘मोठ्या हापिसात आहे’ एवढ्यावर भागवलं.

मी जगभरच्या संगणकांतल्या हवामान मॉडेलांना रांगेत उभं करून विचारतो: हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तर पृथ्वीवर येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या उष्णतेचा तोल किती बिघडेल? याला रेडिएटिव्ह फोर्सिंग म्हणतात. एकेका मॉडेलचे आकडे छापले तर पुलगाव स्टेशनात मालगाडी लावावी लागेल, आणि उत्तरं मात्र जितकी मॉडेलं तितकी! कारण प्रत्येकाचे ढग निराळे. मग आम्ही सगळ्यांना एकच आभाळ देतो अन् म्हणतो, आता बोला.

माय म्हणायची, “याच्या तोंडातून उंदीर निघाला का हत्ती होते.” ती गेली, आता मला अडवणारं कोणी नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती तापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, ताप उतरला तर आशा आहे. घरातलं थर्मामीटर भावानं गाभण म्हशीला लावून फोडलेलं. म्हैस साक्षीला आहे.

दुपारी भाऊ वांग्याला पाणी देऊन आला. ओल्या गार हातानं मायचं कपाळ चाचपून म्हणाला, “अबे, तवा तापून राह्यला!”

वहिनी चुलीपुढून उठून आली, शेकलेला हात कपाळावर ठेवला. “काहीतरीच! गार तर हाये.”

“तुले काय समजते?”

“तुमाले लय समजते! म्हशीचे डॉक्टर!”

हे तर माझं रोजचंच भांडण. मी पाण्याची बादली ओढली. “पहिले दोघंही यात हात बुडवा.”

“आता मायवर प्रयोग करते हा,” भाऊ कुरकुरला, पण बुडवले. मीही बुडवले. हात पुसून आम्ही पाळीपाळीनं कपाळाला लावले. मॉडेलांनी मला जन्मात दिलं नव्हतं, ते घरच्यांनी दिलं: सगळ्यांचं एकच उत्तर. गार.

“उतरला! ताप उतरला!” भाऊ नाचायचाच राहिला. वहिनी चहा ठेवायला पळाली.

बाबा खाटेच्या पायथ्याशी मायचे तळवे चोळत बसले होते. वर न बघताच म्हणाले,

“मंग हे बोलून काऊन नाई राह्यली?”

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला ना. मी खाली बसलो, बाबांचे हात धरले.

“सोड बे,” ते म्हणाले. “होतीन पाय गरम.”